अळणी दिवस

दलबीर दाराबाहेर उभा होता आणि आत यायला तयार नव्हता.

"अरे, ये ना आत! उन्हात काय उभा राहिलास?" मी म्हटलं, तशी शिवणवर्गाच्या बायकांनी मशिनं थांबवून माना वर केल्या. तो अनवाणी होता. अंगावर ओलं धोतर, केसांतून पाणी निथळत होतं. दलबीर साउद म्हणजे यशवंत तोडणकरांच्या आंब्याच्या बागेचा राखणदार. मूळचा नेपाळातल्या अछामचा, पण वीस-बावीस वर्षं कोकणात काढलेला. एरवी आला की आधी माठाकडे जायचा, दोन पेले पाणी प्यायचा आणि मगच तोंड उघडायचा.

"दिदी, मागची खोली पायजे," तो म्हणाला. "तेरा दिवस."

"कशाला रे?"

"बाबा गेले. सकाळी गावाकडून फोन आला."

मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर तो झटकन मागे सरला.

"शिवू नका, दिदी. आंघोळ करून आलोय. आता कोणी शिवायचा नाय."

जैतूनबी माझ्या कानाशी आली. केंद्राचं स्वयंपाकघर आणि माझं डोकं, दोन्ही ताळ्यावर ठेवायचं काम तिच्याकडे होतं. "बाय, काय लागण तर नाय ना झाली ह्याला?"

"लागण नाही गं. बाप गेलाय त्याचा."

"या अल्ला!" म्हणत तिनं पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवला. त्यानं तोही घेतला नाही.

पायरीखाली उकिडवं बसून त्यानं सगळं सांगितलं. त्यांच्याकडे बाप गेला की थोरल्या मुलानं तेरा दिवस बाजूला बसायचं. डोकं भादरायचं, पांढरं वस्त्र गुंडाळायचं, गवतावर झोपायचं. दिवसातून एकदा स्वतःच्या हातानं भात शिजवायचा, वर तूप घ्यायचं. मीठ बंद. कोणाला शिवायचं नाही. जेवताना कोणाची हाक किंवा कुत्र्याचं भुंकणं कानावर पडलं, तर हातातला घास टाकून उठायचं. आणि जिथं एकदा बसलं, तिथून क्रिया संपेपर्यंत हलायचं नाही. हललं की मोडलं. गावी धाकट्या भावानं अग्नी दिला होता. अछामला पोचायचं तर पाच दिवस गाड्या बदलत जायचं, आणि रेल्वेच्या डब्यात कसली आलीय क्रिया! बागेतल्या खोपीत तर आठ गडी, आंबा उतरायचे दिवस, चुलीवर रोज सुकटीचं कालवण.

"आई गेली तवा मला महिन्यानं कळला," दलबीर म्हणाला. "तिचा काय नाय झाला माझ्या हातून. बाबांचा चुकवायचा नाय, दिदी."

मी हो म्हटलं. नाही कशी म्हणणार? संस्थेचे नियम आणि पुण्याच्या ऑफिसातले साहेब मला आठवले, नाही असं नाही. पण ते दूर होते, आणि हा माझ्या पायरीशी बसला होता.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. केंद्राचं नाव होतं 'शेजार'. करंजभाटच्या जेटीलगत जाळी ठेवायचं एक जुनं गोदाम होतं, त्यात आम्ही ते चालवायचो. बागांतले आणि बोटींवरचे नेपाळी, रस्त्याच्या कामावर आलेली गदगकडची लमाणी कुटुंबं, आणि गावातले दर्यावर जाणारे दालदी मुसलमान, भंडारी, कुणबी अशा सगळ्यांसाठी. बँकेची खाती, पोरांची शाळा, सोमवारचा डॉक्टर, शिवणवर्ग, असलं आमचं काम. 'सगळ्यांसाठी' हे पाटीवर लिहायला सोपं असतं. पहिली दोन वर्षं गावकरी आम्हाला 'गुरख्यांची धर्मशाळा' म्हणायचे आणि लांबून जायचे. मग जैतूनबी कामाला आली. तिच्यामागून शिवण शिकायला तिच्या सुना आल्या, सुनांच्या मागून शेजारणी. मी स्वतः विदर्भातल्या आर्वीची, म्हणजे गावाच्या हिशेबानं मीही परमुलखातलीच. रागाच्या भरात माझ्या तोंडून "काऊन?" निघालं, की जैतूनबी तस्सं करून दाखवायची आणि अख्खा वर्ग खिदळायचा.

गोदाम मात्र तोडणकरांचं होतं. लेखी काही नाही, सगळा तोंडी कारभार. मनात आलं तर उद्या कुलूप. माणूस तसा वाईट नव्हता. कोकणी माणूस फणसासारखा असतो म्हणतात. तोडणकरांचे काटे आम्ही रोज बघत होतो, गरे मात्र अजून दिसायचे होते.

दलबीरवर त्यांचा एक जुना राग होता, आणि ते तो लोणच्यासारखा मुरवत होते. त्यांच्या वडिलांचा, आप्पांचा, विषय निघाला की सुरू व्हायचे. "माणूस इमानी हाय, बाई, पण शेफारलाय. आमचे आप्पा गेले तवा दुखवट्याच्या घरातनं ह्याला रोज ताट पाठवीत होतो. ताट जसाच्या तसा परत! आमच्या घरचा अन्न ह्याला चालंना. कोण लागून गेला हा?"

"पण आप्पांची दोन वर्षं सेवा त्यानंच केली ना?" जैतूनबी एकदा तोंडावर म्हणाली होती. "उचलून खुर्चीत बसवायचा, बागंत फिरवून आणायचा. अंथरुणात घाण झाली तर तीपण काढायचा."

"केली ना! मी नाय कुठं म्हणतो? पण अन्न परत पाठवायचा म्हंजे काय?"

ती ताटं परत आली तेव्हापासून तोडणकरांच्या घरून दलबीरला ताट जायचं बंद झालं. दिवाळीचा फराळसुद्धा गेला नाही. दलबीरनं यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

तर मागच्या खोलीत दलबीर बसला. दाराबाहेर अंगणात त्यानं तांबड्या मातीची एक रेघ ओढली. तिच्या आत त्याची चूल, त्याचं गवत आणि तो. संध्याकाळी जेटीवरच्या एका बोटीवरचा नेपाळी बामण खलाशी मासळीचा वास घालवायला खसाखसा साबण लावून यायचा आणि मंत्र म्हणायचा.

अडचण होती ती आमच्या गोंगाटाची. दुपारी दलबीर जेवायला बसे, नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे मशिनं, पाढे आणि भांडणं टिपेला पोचलेली असायची. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना समजावलं आणि सगळ्यांनी ऐकलं. फक्त जेटीवरच्या लाल कुत्र्याला सांगायचं राहिलं. दलबीरनं पहिला घास उचलला आणि ते भुंकलं. तो घास पानात ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही नाही.

जैतूनबीनं ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती जेवणाच्या वेळेला कुत्र्यापुढे बांगडा टाकून, त्याच्या मानेवर हात ठेवून जेटीवर बसायची. वर्गात बायका मशिनवरचे पाय काढून घ्यायच्या. लमाण्यांची पोरं ओठांवर बोट ठेवून एकमेकांना हसवायचा प्रयत्न करायची. माशांच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता जायचा, तेही त्याला कोणी सांगितलेलं नसताना. इतकी वर्षं 'सगळ्यांनी एकत्र यावं' म्हणून मी गाणी, खेळ, हळदीकुंकू, ईदमिलन असलं काय काय केलं होतं. पण आम्ही खरे एकत्र आलो ते त्या अर्ध्या तासात, सगळ्यांनी मिळून गप्प बसताना. मला फार बरं वाटायचं.

आणि मग एका दुपारी तोडणकर आले.

"बाई, पोरीचा जमला," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "रेवतीचा. मुंबईचं स्थळ. अक्षय तृतीयेला साखरपुडा. घराचं काम काढलाय, तवा हॉल हाच घेऊ. मागल्या खोलीत आचारी बसंल."

मी अभिनंदन केलं, आणि मग म्हटलं, "मागच्या खोलीत दलबीर आहे. त्याची क्रिया संपायला त्या दिवशी अजून तीन-चार दिवस उरतात."

"म्हाईत हाय मला. त्याला खोपीत पाठवा."

"तो हलला की सगळं मोडतं त्याचं."

"म्हंजे सुतक्या माणूस आत नि पोरीला कुंकू बाहेर? व्याही काय म्हणतील?"

"व्याह्यांना सांगायलाच कशाला हवं?"

"व्याह्यांना नाय सांगितला. देवाला काय सांगू?"

त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. मुलीचं कार्य होतं, एकुलत्या एका. पण माझा स्वभाव नाकावर राग ठेवून फिरणारा, त्यामुळे समजूत काढायची सोडून मी म्हणाले, "खोली मी त्याला दिली आहे. शब्द माझा आहे."

"गोदाम माझा हाय, बाई."

"ठाऊक आहे. तुम्ही विसरू देता कुठे?"

जैतूनबीनं डोळे मोठे केले. तोडणकर उठले. "ऱ्हाऊ द्या. मीच सांगतो त्याला," म्हणत मागच्या अंगणाकडे गेले. मी पाठोपाठ गेले, पण कोपऱ्यावर थांबले. खाडीवरून वारा सुटला होता, त्यात शब्द ऐकू येत नव्हते, फक्त दिसत होतं.

मालकाला बघून दलबीर उभा राहिला. हात जोडले. तोडणकर काहीतरी बोलले. मग दलबीर वाकला आणि खाली अंथरलेलं गवत गोळा करायला लागला.

हा माणूस एका शब्दानं 'नाही' म्हणणार नव्हता. वीस वर्षं त्या बागेत राखण करून त्याला एवढंच येत होतं, मालकानं म्हटलं की उठायचं. मी पुढे पाऊल टाकलं, तेवढ्यात तोडणकरांनी हात वर केला. दलबीर थांबला. तोडणकरांनी त्याच्या चुलीकडे, भाताच्या टोपाकडे बोट दाखवून काही विचारलं. दलबीरनं उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर.

मग तोडणकर रेघेबाहेर खाली बसले. गुडघ्यांच्या दुखण्यानं लग्नाच्या पंगतीतसुद्धा टेबल मागणारा माणूस, मातीत बसला. उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. माझ्या शेजारून गेले, पण माझ्याकडे बघितलं नाही. दारात काढलेल्या चपलाही न घालता तसेच रस्त्याला लागले.

"काय म्हणाले रे?" मी दलबीरला लांबूनच विचारलं.

"इचारला, मीठ का नाय खायचा."

"आणि उठायचं?"

"मी उठत होतो, दिदी. त्यांची जागा. ते बोलले, आता बस."

"आता म्हणजे? आजच्यापुरतं?"

"ते नाय सांगितला," दलबीर म्हणाला आणि गवत पुन्हा पसरायला लागला.

संध्याकाळी मांडववाला टेम्पोतून वासे आणि कनाती आणून अंगणात टाकून गेला. म्हणजे ठरलं होतं. जैतूनबीनं वाशांच्या ढिगाकडे बघितलं, तोडणकरांच्या चपला उचलून कोनाड्यात ठेवल्या आणि म्हणाली, "बाय, आता तू तोंड उघडू नको. तुझ्या तोंडानं हायत ते चार पत्रे पण जातील."

"मग काय करू? त्याला उठवू?"

"मी कुठं तसा बोलले? माझ्या बाचा जनाजा तरी मला बघाय मिळाला. ह्याला तेवढा पण नाय." तिचे डोळे भरून आले, आणि मग ती माझ्यावरच चिडली. "जा, जेव जा!"

मी रात्री भांडणाची सगळी वाक्यं तयार केली. गोदाम घ्यायचं तर घ्या, मी पोरांना झाडाखाली शिकवीन, पण तोवर खोली सोडणार नाही. काही वाक्यं तर फारच झकास जमली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर तोडणकर बाहेर उभे होते. बरोबर तिथंच, जिथं दलबीर उभा राहिला होता. पाय अजून अनवाणी. दाढी न केलेली.

"या ना आत," मी म्हटलं. आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला.

"नको. भायेरच बरा."

जैतूनबीनं चहा पुढे केला. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"बाई, एक काम होता," ते म्हणाले. "आमच्या देवाला सकाळ-संध्याकाळ दिवा लावायला कोण मिळंल काय? थोडे दिवस."

मला काही उलगडेना. "का? घरी कोणी नाही का?"

"हायत की सगळी. पण आमाला सुतक हाय."

मी हबकलेच. साखरपुडा तोंडावर आणि घरात असं! "अरे देवा! कोण गेलं?"

"दलबीराचा बाप," तोडणकर म्हणाले.

जैतूनबीच्या हातातला चहा बशीत सांडला. मी तयार केलेली सगळी वाक्यं कुठं गेली कोण जाणे.

तोडणकर पायरीवर टेकले. "आप्पा गेले तवा त्यानं पाच दिवस मीठ सोडलान होता, बाई. त्यांच्यात घरच्यांनी सोडायचा असतो. आमच्या ताटात डाळ, भाजी, पापड. तो खाणार कसा? खोपीत बसून कोरा भात खायचा. आणि मी चारचौघांत त्याला माजोरी बोललो. तीन वर्षं बोलतोय." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "काल मी इचारला, तवा का नाय सांगितलास? तर म्हणतो, सांगायचा काय, मालक. आप्पा घरचेच ना."

खाडीवर एक बोट सुरू झाली.

"आप्पा त्याच्या घरचे," तोडणकर म्हणाले, "मग त्याचा बाप माझा कोण? घरातला माणूस गेल्यावर आमच्यात शुभकार्य नाय करत."

"आणि मुंबईची माणसं?"

"रात्रीच फोन केला. बोललो, घरात मयत झालाय. कोण म्हणून इचारलानी. बोललो, थोरले चुलते. कुठं ऱ्हायचे ता त्यांनी इचारला नाय, मी सांगितला नाय."

जैतूनबी आधी रडली आणि मग फस्सकन हसली. मी फक्त रडले. आत जाऊन कोनाड्यातल्या चपला आणल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

त्या संध्याकाळपासून दिवा लावायला मीच गेले. पहिल्या दिवशी रेवतीनं मला जेवायला थांबवून घेतलं. साखरपुडा पुढे गेल्याचा रुसवा तिच्या चेहऱ्यावर शोधला, मला दिसला नाही. लहानपणी दलबीरच्या खांद्यावर बसून कैऱ्या पाडलेली पोर ती. पानात भात, वालाची भाजी, आमटी. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला.

"अळणी आहे," रेवती हळूच म्हणाली. "बाबांनी मिठाची बरणी माळ्यावर टाकलीय. पाच दिवस."

ओटीवर तोडणकर पाठमोरे बसून तोच भात खात होते. कुठल्याही पानात मीठ नव्हतं. मी माझं पान मुकाट्यानं संपवलं.

दलबीरची क्रिया निर्विघ्न पार पडली. शेवटच्या दिवशी त्यानं खाडीवर आंघोळ केली, रेघ पुसली, आणि बामण खलाशानं त्याच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला. तो अंगणात येऊन बसतो न बसतो तोच तोडणकर आले. हातात केळीच्या पानानं झाकलेलं ताट. त्यांनी ते स्वतः त्याच्यापुढे ठेवलं आणि पान बाजूला केलं. वरणभात, फणसाची भाजी, कैरीचं लोणचं, पापड.

"मीठ हाय बघ आज," ते म्हणाले.

दलबीरनं ताटाकडे बघितलं, मालकाकडे बघितलं आणि जेवायला लागला. आता गप्प राहायची काही गरज नव्हती, पण वर्गातली मशिनं आपोआप थांबली होती. बायका दारात, पोरं त्यांच्या पायांशी. आणि नेमकं तेव्हाच जेटीवरचं ते लाल कुत्रं भुंकलं. जैतूनबीनं कपाळाला हात लावला. दलबीरचा घास तोंडाशी थांबला. मग तो हसला आणि त्यानं घास तोंडात घातला.

ताट त्यानं बोटांनी निपटून स्वच्छ केलं. लोणच्याची फोडही चोखून ठेवली. जैतूनबी ते घासायला न्यायला वाकली, तर तोडणकरांनी मध्ये हात घातला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "असाच नेतो. घरी दाखवायचाय."

आणि ते रिकामं ताट दोन्ही हातांत धरून ते भर रस्त्यातून घरी गेले.